पत्रिका उघडत नाही

आमच्या खान्देशात लग्नपत्रिका वाचत नाहीत, तपासतात. वधूवरांची नावं, तारीख, मुहूर्त हे सगळं वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही. पत्रिका हातात पडली की माणूस चष्मा लावतो, बोट ठेवतो आणि खालच्या बारीक टायपातून आपलं नाव शोधत निघतो. निमंत्रक वेगळे, व्यवस्थापक वेगळे, स्नेहांकित वेगळे, आणि अगदी तळाला ज्यांना अजून धड बोलता येत नाही ती पोरं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत उभी. भाऊबंदकीतला एकही माणूस सुटता कामा नये. नाव खालीवर झालं तरी लोक पंगतीत तोंड वाकडं करून बसतात. नाव राहूनच गेलं, तर मग बोलायलाच नको.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या सख्ख्या काकांचं नाव राहून गेलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, पाठचे एकुलते एक भाऊ. छापखान्यातून कच्ची प्रत आली ती आबांनी स्वतः तपासली होती. अंगणात खुर्ची टाकून, आईला चहा करायला लावून, मोठ्याने वाचत. त्या पत्रिकेत आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचं नाव होतं. शिरपूरकडच्या कुठल्याशा मावसमेव्हण्याचं होतं, जे गृहस्थ पत्रिका छापून होईपर्यंत वारलेही होते. काकांचं नव्हतं. इतकं जवळचं माणूस, की ते राहील असं कोणाच्या मनातच आलं नाही, म्हणून कोणी पाहिलंच नाही.

काकांनी पाहिलं. धरणगावजवळच्या आमच्या गावी पत्रिकांचा गठ्ठा पोचला तेव्हा त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर फिरवलं, आणि गठ्ठा जसा आला तसा परत पाठवला. सोबत निरोप, "मनं नाव नही तं मी नही."

आता यावर उपाय अगदी सोपा होता. आबांनी धुळ्याहून उठावं, गावी जावं, 'चुकलं बुवा' म्हणावं. काका दोन शिव्या देऊन लग्नाला आले असते आणि वाढपी म्हणून सगळ्यात जास्त राबले असते. पण आबा म्हणाले, चूक छापणाऱ्याची आहे. छापणारा म्हणाला, कच्च्या प्रतीवर सही तुमची आहे. आणि काका सगळ्या गावाला सांगत सुटले, छापणारा काही माझा भाऊ नाही. या तिघांत माझं लग्न उरकलं.

मांडवात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात, तशी काकांसाठी आबांनी वेगळी काढून ठेवली होती. काका आले नाहीत. आबांनी ती घडी कपाटात ठेवली. दर दिवाळीला आई कपाट आवरायची आणि विचारायची, ही टोपी कोणाला देऊन टाकू का. आबा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." फोन मात्र करायचे नाहीत. वर्षं गेली, माझी मुलगी शाळेत जायला लागली, तरी नाही. काका मला फोन करून विचारायचे, तुझ्या बापाचं बीपी काय म्हणतं. आबा मला विचारायचे, धाकल्याचे गुडघे कसे आहेत. बीपी आणि गुडघे यांची ने-आण करून मी वैतागले होते. मला दोघांचाही राग यायचा. माझ्या लग्नावरून भांडले आणि माझ्या लग्नाचा एक फोटो दोघांचा मिळून नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी जळगावात एका बँकेत काम करते. हल्ली आमच्याकडे पैसे देण्याघेण्यापेक्षा घाबरवण्याचं काम जास्त असतं. अनोळखी लिंक दाबू नका, ओटीपी कोणाला सांगू नका, अशी पोस्टरं मी स्वतः भिंतीला चिकटवते आणि दिवसभर तोंडाला फेस येईस्तोवर सांगत असते. लोक मान डोलावतात. सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून म्हणतात, "ताई, हा ओटीपी आलाय बघा, कोणाला सांगायचा?" मी त्यांच्यावर ओरडते. शाखेत माझं नाव तापट म्हणूनच आहे.

तर एका गुरुवारी, अशाच एका भल्या गृहस्थांवर ओरडत असताना, आबांचा फोन आला. आबा कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. 

"धाकल्यानी पत्रिका वनी," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी खुर्चीवरून उठून बाहेर जिन्यात आले. काकांनी आबांना पत्रिका पाठवली होती. मोबाईलवर. काकांच्या नंबरावरून. काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, नर्सिंग शिकलेली, लग्नाच्या वयाची झालेली, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं हे मला माहीत होतं. म्हणजे जमलं. आणि जमल्यावर काकांनी आधी भावाला कळवलं. मला इतका आनंद झाला की मी जिन्यातच रडले. समोरून साहेब आले, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. ते टोपी नसताना टोपी काढल्यासारखं करून बाजूने निघून गेले.

"येत्या रविवारनं लगीन शे. तू गाडी लई ये," आबा म्हणाले.

मी विचारलं, मुलगा कुठला. आबा म्हणाले पत्रिका हिंदीत आहे, म्हणजे मुलगा बऱ्हाणपूरकडचा असणार. नाहीतर सुरतेत वाढलेला. मला ते पटलं. आमचे अर्धे सोयरे बऱ्हाणपूरला आणि उरलेले सुरतेला, त्यामुळे हिंदी पत्रिकेचं आम्हाला काही वाटत नाही. मी म्हटलं, पण एवढं घाईत कसं. आबा म्हणाले, "मुहूर्त व्हई." एवढ्यावर मी, जी जिल्हाभराच्या लोकांना उलटतपासणी घ्यायला शिकवते, ती गप्प बसले. पत्रिका दाखवा असं म्हणायचं मला सुचलंही नाही, आणि काकांचा फोन बंद लागला तेव्हा वाटलं, लग्नघराची धावपळ असेल.

शनिवारी मी धुळ्याला पोचले तर आबांची केवढी तयारी. दाढी झालेली, केसांना कलप, माझ्या लग्नात घातलेला कोट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला टांगलेला. पुतणीसाठी जरीची साडी घेतली होती, ती त्यांनी मला घडी मोडू न देता दाखवली. आणि सगळ्यात वर ती टॉवेल-टोपी. टोपी पिवळी पडली होती. आई म्हणाली, नवीन घ्या की. आबांनी ऐकलं नाही. आई काही येणार नव्हती. म्हणाली, तुम्हा भावाभावांचं आधी मिटू द्या, मी मधे आले की दोघंही माझ्याकडेच बघून बोलाल.

रविवारी सकाळी निघालो. आबा एरवी गाडीत झोपतात, त्या दिवशी बोलत होते. लहानपणी दोघे भाऊ एका सायकलवरून धरणगावच्या शाळेत कसे जायचे, पॅडल कोण मारायचं आणि पुढे दांडीवर कोण बसायचं, सगळं. पारोळ्याला चहासाठी थांबलो. तिथे आबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"हाई पत्रिका उघडत नही. देख बरं लगीन किती वाजता शे."

मी मोबाईल घेतला. वर काकांचं नाव. खाली हिंदीत एक ओळ, 'मेरी शादी में जरूर पधारें', रविवारची तारीख आणि एक फाईल. फाईलीचं नाव लग्नपत्रिका. त्या नावाच्या शेपटीला एक टिंब आणि तीन इंग्रजी अक्षरं, ए, पी, के.

ही तीन अक्षरं माझ्या पोस्टरवर लाल रंगात आहेत. त्या शेपटीची फाईल पत्रिका नसते. ती दाबली की मोबाईलमध्ये चोर शिरतो. आत बसून बँकेचे मेसेज वाचतो, आणि तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना तीच पत्रिका धाडतो. काकांनी काही पाठवलं नव्हतं. काका आधीच फसले होते आणि त्यांच्या मोबाईलमधल्या चोराने आबांना बोलावलं होतं.

"आबा, तुम्ही हे दाबलं?"

"कितीदा दाबं. काय काय परवानगी मांगे, ती बी आते गाडीमा दिन्ही. तरी उघडे नही."

मी मोबाईल घेऊन गाडीच्या मागे गेले. त्याचं नेट आणि सगळंच बंद केलं, म्हणजे ते विमानाचं चिन्ह असतं ते दाबलं. माझ्या मोबाईलवरून आमच्या एका सहकारी बाईंना रविवारी झोपेतून उठवलं आणि आबांचं खातं बंद करायला लावलं. पैसे जागेवर होते. बाईंनी विचारलं, कोण गं एवढं भोळं. मी म्हटलं, आहेत एक ग्राहक.

मग काकांना फोन लावला. बंद. काकूंना लावला. कोणी उचलला नाही.

वळून पाहिलं तर आबा चहावाल्याशी बोलत होते. "धाकला भाऊनी आंडेरनं लगीन शे," ते त्याला सांगत होते, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. चहावाल्याने विचारलं नव्हतं. पुढे एरंडोलला चांगला हार कुठे मिळेल हेही ते विचारत होते. कोटाची गुंडी लावलेली. अख्ख्या जळगाव जिल्ह्याला जे मी ओरडून सांगते ते मला माझ्या बापाला सांगता येईना.  परत फिरलो असतो तर आबा पुन्हा कधीच त्या गावची वाट धरणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. मी मोबाईल त्यांच्या खिशात ठेवला आणि म्हटलं, लग्न दुपारी आहे. आणि गाडी चालू केली. नोकरीत कळलं असतं तर मला त्याच पोस्टरखाली उभं केलं असतं.

एरंडोलला हार घेतला. गावात शिरलो तर आमच्या गल्लीत गाड्याच गाड्या. आबा खूश झाले. "देख, कितला लोके वनात," म्हणाले. पण गाड्या होत्या, मांडव नव्हता.

काकांच्या मोबाईलमधल्या चोराने कामात कसूर केली नव्हती. भाऊबंदकीतल्या झाडून सगळ्यांना पत्रिका गेली होती. मलाही आलेली निघाली, पण नातेवाइकांचे मेसेज मी आठवडा आठवडा उघडत नाही. आणि आमची माणसं अशी, की पत्रिका उघडत नाही म्हणून घरी बसतील तर शपथ. उघडत नाही म्हणजे नाव आहे का नाही ते कळत नाही, आणि गेलो नाही आणि नाव असलं तर काय घ्या. नरडाण्याचे चुलत भाऊ पितळी घागर घेऊन आले होते. कोणी मिक्सर आणला होता. काकांच्या अंगणात, ओट्यावर, शेजारच्यांच्या ओट्यावर माणसं बसली होती आणि मधोमध खाटेवर काका डोकं धरून बसले होते.

काकांपुढे चोपड्याच्या आत्या उभ्या होत्या. आबा आणि काका दोघांपेक्षा मोठ्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. अक्कांनी पत्रिकेतली 'मेरी शादी' ही ओळ नातवाकडून वाचून घेतली होती आणि त्यांचा सरळ अर्थ असा, की धाकटा भाऊ म्हातारपणी स्वतःच लग्न करतोय. त्या आहेर न आणता फक्त भांडायला आल्या होत्या.

"घरमा सोनासारखी बायको शे आन तू नवरदेव व्हवाले निंघना?" अक्का म्हणत होत्या.

"अक्का, चोरनी धाडी ती पत्रिका," काका म्हणाले. ते हे सकाळपासून सांगत असावेत, कारण त्यांचा आवाज बसला होता. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्यांचा आवाज बसणं सोपं नाही. चारेक दिवसांपूर्वी त्यांनी असलीच कुणाची तरी पत्रिका उघडायचा प्रयत्न केला होता. खात्यात गॅसच्या सबसिडीपुरतंच काही होतं, ते गेलं. चोराचा मेहनताना सुटला नसेल. मग धरणगावच्या दुकानदाराने मोबाईल ठेवून घेतला आणि आतून पार पुसून आज परत दिला, त्यात सगळे नंबरही पुसले गेले, त्यामुळे कोणाला 'येऊ नका' कळवायची सोय राहिली नव्हती.

काकू शांतपणे मोठ्या पातेल्यात चहा ढवळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गं बाई. मला पण आली होती यांच्या लग्नाची पत्रिका. मी म्हटलं, बघू तरी कोण करते यांच्याशी."

माझी चुलत बहीण आतल्या खोलीत रागाने लाल होऊन बसली होती. जो येतो तो तिला विचारत होता, मुलगा काय करतो. आणि मुलगा नाही म्हटल्यावर लोकांनी तो प्रश्न सोडला नव्हता, सोडवायला घेतला होता. भाऊबंदकी जमलेली आहे, आहेर आलेला आहे, मुलगी घरात आहे, एक मुलगाच काय तो कमी. नरडाण्याच्या घागरवाल्यांनी त्यांच्या साडूचा मुलगा सुचवलाही होता. त्याला फोन लावून तो आज दुपारी मोकळा आहे का, हे विचारून झालं होतं. मोकळा होता.

एवढ्यात काकांनी मान वर केली आणि फाटकात उभे असलेले आबा त्यांना दिसले. कोट घातलेले, एका हातात हार, दुसऱ्या हातात साडी आणि टॉवेल-टोपीची पिशवी.  अक्का मधून बाजूला सरकल्या.

"कसा काय वना?" काकांनी विचारलं.

"तू बलावं म्हनीसन वनू."

 त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. 'हो, मीच बोलावलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण काका सकाळपासून एकच वाक्य म्हणत होते आणि तेच तोंडातून निघालं.

"मी नही बलावं. चोरनी धाडी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, त्यांचा चेहरा नुसता उतरला. "तुले म्हायती व्हतं?" त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. ते वळले आणि जाऊन गाडीत बसले. हार मांडीवर. दार उघडंच. "चाल घर," म्हणाले.

मी किल्ली काकूंकडे दिली. म्हटलं, आता मला चालवायला बळ नाही, जेवल्याशिवाय मी निघत नाही. हे काही खोटं नव्हतं. एवढी माणसं आलीत म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांनी वरण-बट्टीचा घाट घातलाच होता. गोवऱ्यांचा धूर सगळीकडे पसरला. अक्का गाडीपाशी जाऊन आबांना म्हणाल्या, वना शे तं उतर. आबा म्हणाले, निमंत्रण नाही तर जेवण नाही. अक्का अंगणात येऊन काकांना म्हणाल्या, जा, त्याला बोलव. काका म्हणाले, मी बोलावलं नाही, पण हाकलूनही देत नाही, गाडीत बसायचं तर बसू दे. अक्का मग मधे उभ्या राहून दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने आपल्या आईवडिलांच्या नावाने बोलायला लागल्या, की बरं झालं तुम्ही हे बघायला नाहीत.

बट्टी भाजून होत आली. आबा तसेच बसलेले. उन्हात घाम येत होता, कोट काढत नव्हते. मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही. त्यांनी आईला फोन लावून बघितला, लागला नाही. गाडीजवळून जाणाऱ्या नरडाण्याच्या भावाला त्यांनी मोबाईल दिला, म्हणाले, हा मेला की काय बघ. त्याने बघितलं आणि म्हणाला, "मरेल नही आबा, विमान लागेल शे." आणि विमान काढून मोबाईल परत दिला. मी तेव्हा बट्टीला तूप लावत होते.

आधी ओट्यावर कुणाचा तरी मोबाईल वाजला. मग खाटेवर एक. मग अंगणभर, शेजारच्या ओट्यावर, चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या कमरेला, सगळे मोबाईल टुणटुण वाजायला लागले. लोकांनी खिशातून काढले, लांब धरले, आणि मग एकेक करून सगळ्यांनी माना वळवून गाडीकडे पाहिलं.

"आबानी पत्रिका वनी," कोणीतरी म्हणालं.

"कोनं लगीन शे?" अक्कांनी विचारलं.

'मेरी शादी में जरूर पधारें.' अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. एक भाऊ निस्तरत नाही तोवर दुसरा नवरदेव झाला. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. धुळ्याहून आई. शेजारपाजारचे विचारायला आलेत, आपल्याकडे कोणाचं लग्न आहे आणि हॉल कुठला घेतलाय. मी तूप लागलेल्या हातानेच ओरडले, कोणी काही उघडू नका, ए-पी-के आहे ते, हात लावू नका. नेमक्या त्याच आवाजात, ज्या आवाजात मी बँकेत ओरडते. आणि बँकेतल्यासारखाच त्याचा काही उपयोग झाला नाही. दोघातिघांनी दाबून बघितलं होतं आणि ते उघडत नाही म्हणून एकमेकांना दाखवत होते.

मग माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांच्या हातातही मोबाईल होता, नुकताच पुसून आणलेला, ज्यात ना कोणाचे नंबर उरले होते ना जुने मेसेज. त्या कोऱ्या मोबाईलवर पहिला मेसेज आला होता तो धुळ्याच्या एका नंबरावरून. नाव दिसत नव्हतं, कारण नावं पुसली गेली होती. पण भावाचा नंबर काकांना पाठ होता. इतकी वर्षं एकदाही न लावलेला नंबर त्यांना पाठ होता, हे आम्हा सगळ्यांना त्या वेळी कळलं.

ते उठले. गुडघे धरून हळूहळू गाडीपाशी गेले. मीही मागोमाग गेले, त्यांनी ते दाबू नये म्हणून.

"तुनी पत्रिका वनी," काका म्हणाले.

आबांनी त्यांच्या हातातला मोबाईल बघितला. मग स्वतःचा बघितला. "मी नही धाडी," ते म्हणाले.  "चोरनी धाडी व्हई."

"म्हायती शे."

 काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि त्या न उघडलेल्या फाईलीवर वरून खाली बोट फिरवलं, दाबलं नाही, नुसतं फिरवलं. कागदावर फिरवतात तसं.

"मनं नाव शे का त्यामा?" त्यांनी विचारलं.

माझे आबा खोटं बोलत नाहीत. ती पत्रिका नव्हती, तिच्यात कोणाचंच नाव नव्हतं, तिच्यात नुसता चोर होता, हे आता त्यांनाही समजलं होतं.

"शे," आबा म्हणाले. "बठ्ठास्ना पहिले शे." म्हणजे सगळ्यांच्या आधी. मग त्यांनी हार बाजूला ठेवला. "ते टाइमले बी पाहिजे व्हतं. मनं चुकनं, भाऊ."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. आबांनी पिशवीतून टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती बसेना, लहान पडली. काका म्हणाले, तू तर तेव्हाही माझ्या डोक्याचं माप घेतलं नसशील. आणि आबांना म्हणाले, उतर आता, बट्टी गार होतेय.

त्या साडूच्या मुलाशीच पुढे माझ्या बहिणीचं जमलं, पण ते नंतरचं आणि त्यात चोराचा काही हात नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की काकांकडे गेले की मी आजही त्यांचा मोबाईल मागून घेते. ती फाईल तशीच आहे, न उघडलेली, आबांच्या नावाखाली. मी म्हणते, काका, चुकून बोट लागलं तर खातं साफ होईल, मला पुसू द्या. बँकेतल्या सगळ्या भाषेत सांगून झालं, ओरडून झालं. काका मोबाईल हातातून काढून घेतात आणि खिशात ठेवतात.

"ऱ्हाऊ दे," म्हणतात. "मना भाऊनी पत्रिका शे."